समुद्र हटवून केलेली जमीन कुणाची?

(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



झोपडी तोडायला येणारा साहेब एकच पाढा म्हणतो : मुंबईत जमीन नाही. मंत्री तेच म्हणतो, पेपरवाला तेच छापतो. साफ थाप! समुद्र हटवायचा आणि जमीन करायची, हाच या शहराचा दोन-अडीचशे वर्षांचा धंदा आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम अशी सात बेटं होती. भरतीचं पाणी मधल्या खाजणात शिरायचं. अठराव्या शतकात गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात महालक्ष्मी ते वरळी बांध घातला, पाणी अडलं, आतल्या चिखलाची हळूहळू जमीन झाली. १८३८ मध्ये कुलाबाही रस्त्याने जोडला. बांधाला नाव हॉर्नबीचं. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्यांचं नाव कुठाय? तेलंगणातून मजुरीला आलेल्या कामाठ्यांचं तेवढं कामाठीपुऱ्याला राहिलं, आणि त्या नावाची शहराने काय गत केली ते तुम्ही जाणताच.

बॅकबेची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेटजींनी तो पैसा समुद्र बुजवण्याच्या कंपनीत ओतला. जमीन अजून पाण्याखाली, आणि शेअर आभाळात! १८६५ ला युद्ध संपलं, कापूस कोसळला, कंपनी बुडाली. १९२० नंतर गव्हर्नर लॉईडने तोच डाव पुन्हा मांडला. कांदिवलीची टेकडी फोडून दगड आणला. खर्च वाढत गेला, भराव काही पुरा होईना. खुर्शीद फ्रामजी नरिमन यांनी हा घोटाळा चव्हाट्यावर आणला. एका इंजिनिअरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. पुढे स्वातंत्र्यानंतर तिथेच आणखी भराव टाकून टॉवर उभे राहिले, आणि नाव काय दिलं? नरिमन पॉइंट! चोरी पकडणाऱ्याचीच पाटी मालाच्या दारावर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालणारे मंत्री बघितले की मला हीच पाटी आठवते.

१९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. माणसं बायकापोरांसकट तुरुंगात गेली. मागणी काय, तर पडीक जमीन द्या. सरकारला ती सापडत नव्हती. समुद्राच्या तळाची मात्र सापडत होती.

आता आपण केलेली जमीन बघा. धारावी म्हणजे खाडीकाठची दलदल. चामडं कमावणारे, तामिळनाडूतून आलेले दलित, सौराष्ट्रातले कुंभार तिथे राहिले. राख, राडारोडा, कचरा टाकून टाकून त्यांनी पायाखालचा चिखल घट्ट केला. आणीबाणीत, १९७६ साली, अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी उठवली आणि हजारो माणसं चीता कॅम्पच्या खाजणात नेऊन टाकली. त्यांनीही आधी चिखल बुजवला, मग चूल मांडली. लॉईडने टाकला तो भराव म्हणजे रेक्लेमेशन. आपण टाकला ते अतिक्रमण! मिठीकाठच्या खाजणावर तर सरकारनेच वांद्रे-कुर्ला संकुल उभारलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, मिठी फुगली, तेव्हा बोटं कुणाकडे दाखवली? काठावरच्या झोपड्यांकडे.

आणि हे जुनं पुराण नाही. कोस्टल रोडसाठी शंभराहून जास्त हेक्टर समुद्र बुजवला. २०१९ मध्ये हायकोर्टाने परवानग्या रद्द केल्या, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. मार्च २०२४ मध्ये रस्ता सुरू झाला. सुरू झाला तो स्कूटर-रिक्षाला बंदी घालूनच. वरळीचे कोळी होड्यांसाठी दोन खांबांमध्ये २०० मीटर मागत होते. भांडून भांडून १२० मिळाले.

काही मित्र म्हणतात, मग आपणही आपल्यासाठी समुद्र बुजवायची मागणी करू. मला हे पटत नाही. कोळ्याच्या जाळ्यावर आपलं घर नको. आतापर्यंत जी जमीन झाली, ती कुणाला, किती वर्षांच्या भाडेपट्ट्याने, काय भावाने दिली, याचा हिशोब मागू. तो एवढा मोठा आहे की नव्या भरावाची गरजच पडणार नाही.

कारण आपल्यासाठी कुठली जमीन काढलीय ती बघा. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडतोय. तो उचलणारे हात कुणाचे, हे या मंडपात सांगायला नको. २०१६ ला तो डोंगर पेटला, धुराने शहर खोकलं, तेव्हा कुठे पेपरांना देवनार दिसलं. आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की धारावीच्या पुनर्वसनासाठी या डम्पिंग ग्राउंडची १२४ एकर जागा द्यायची. त्यांना समुद्राची हवा, आपल्याला आपणच वाहून टाकलेला कचरा!

येत्या रविवारी सकाळी आपण धारावीत गल्लीगल्लीत फिरायचं. १९७६ चे फोटोपास, जुनी रेशनकार्डं, पावत्या, ज्याच्या घरी जे असेल त्याची नक्कल घ्यायची. कागद नसलेल्या म्हाताऱ्यांना विचारायचं : घर बांधायच्या आधी इथे पाणी कुठवर होतं, आणि भराव किती दिवस टाकत होता? ते सांगतील तसंच, त्यांच्याच बोलीत उतरवायचं. वह्या आपापल्या आणा.