‘अजून’ या शब्दाचे सामर्थ्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



दहावीचा निकाल लागला की अनेक घरांतून एक संवाद हमखास ऐकू येतो. मुलाला नव्वद टक्के गुण मिळालेले असतात. पाहुण्यांच्या हातावर पेढा ठेवताना वडील अभिमानाने म्हणतात, “हा जन्मतःच हुशार.” तेवढ्यात धाकट्याचा विषय निघतो. “याचे डोके काही अभ्यासात चालायचे नाही. याला दुकानात बसवू.” जणू दुकान चालवायला डोके लागतच नाही ! पाहुणे हसतात, चहा घेऊन निघून जातात. ती दोन वाक्ये मात्र दोन्ही मुलांच्या मनात घर करून राहतात. धाकट्याने त्या दिवसापासून पुस्तक मिटले, हे सर्वांना दिसते. थोरल्याचेही नुकसान झाले, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ते कसे होते, याचा अभ्यास अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी अनेक वर्षे केला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आणि क्लॉडिया म्युलर यांच्या संशोधनात पाचवीतील मुलांना काही कोडी सोडवायला दिली होती. ती सुटल्यावर काही मुलांच्या बुद्धीची स्तुती केली, तर काहींच्या परिश्रमाची. पुढे कोणते काम हवे असे विचारता बुद्धीची स्तुती झालेल्या मुलांपैकी बहुतेकांनी सोपे काम मागितले, कारण अवघड कामात हुशारीचा मान जाण्याची भीती होती. परिश्रमाचे कौतुक झालेल्या बहुतेकांनी ज्यातून शिकायला मिळेल असे काम मागितले. मुद्दाम कठीण कोडी देऊन अपयश आल्यानंतर पहिल्या गटाची कामगिरी घसरली, दुसऱ्या गटाची सुधारली. स्वतःचे गुण लिहून कळवायला सांगितले, तेव्हा ते वाढवून लिहिणारेही पहिल्या गटात अधिक निघाले. व्यापारी समाजाने येथे क्षणभर थांबावे. वहीत खोटी नोंद का होते, याचे एक कारण या छोट्याशा प्रयोगात दडलेले आहे. जेथे मान टिकवणे हेच सर्वस्व होते, तेथे तोटा लपवावासा वाटतो.

पुढे २००६ साली ‘माइंडसेट’ या पुस्तकात ड्वेक यांनी दोन मनोवृत्तींचे विवेचन केले. बुद्धी आणि क्षमता जन्मतः मोजून मिळतात, त्यात बदल नाही, असे मानणारी स्थिर मनोवृत्ती. प्रयत्न, योग्य पद्धत आणि इतरांचे मार्गदर्शन यांनी क्षमता वाढवता येते, असे मानणारी विकासशील मनोवृत्ती. पहिली म्हणते, “मला जमत नाही.” दुसरी म्हणते, “मला अजून जमत नाही.” अंतर एका शब्दाचे, परंतु पहिल्या वाक्यात दार बंद होते, दुसऱ्यात ते उघडे राहते.

या विचाराचा विपर्यासही होऊ शकतो. ‘कष्ट कर, होईल’ एवढे सांगून जबाबदारी संपत नाही. चुकीच्या पद्धतीने दहा वेळा केलेले गणित दहा वेळा चुकते. तेथे पद्धत बदलावी लागते, कोणाला तरी विचारावे लागते. शिवाय प्रत्येक जण प्रत्येक क्षेत्रात अग्रेसर होईल, असेही यात कोठे म्हटलेले नाही. आज जो जेथे आहे, तेथून त्याला पुढे जाता येते, एवढेच यात अभिप्रेत आहे.

याचे उदाहरण शोधण्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. शालेय शिक्षणात त्यांना मॅट्रिकची पायरीही ओलांडता आली नाही. परीक्षेच्या निकालावरून माणसाचे मोजमाप करायचे, तर त्यांचा हिशेब तेथेच मिटला असता. त्यांनी शिकवण्या केल्या. ओगले यांच्या काचकारखान्याच्या आणि किर्लोस्करांच्या मालाच्या विक्रीसाठी ते गावोगाव फिरले. या भ्रमंतीत त्यांनी खेड्यांतील मुलांचे अज्ञान आणि दारिद्र्य जवळून पाहिले. १९१९ साली काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह उभे राहिले. पैसा अपुरा पडला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेने गरीब मुलाला दयेऐवजी श्रमाची प्रतिष्ठा दिली. १९४७ साली साताऱ्यात महाविद्यालय निघाले. मॅट्रिक न झालेल्या या शिक्षणमहर्षींना १९५९ साली पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. दिली आणि भारत सरकारने पद्मभूषण. कर्मवीरांची थोरवी सांगताना एक गोष्ट विसरता कामा नये. या मुलांना शिक्षण झेपणार नाही असे समाज म्हणत होता, त्यांच्याविषयी कर्मवीर ‘अजून शिकलेली नाहीत’ एवढेच म्हणत राहिले.

हीच कसोटी प्रौढांनाही लागते. आधीच्या पिढीतील व्यापाऱ्यांसमोर १९५७ साली नवे पैसे आले. त्यानंतर वार जाऊन मीटर आला. आण्यांत आणि वारांत मुरलेल्या माणसांनी नवी कोष्टके पाठ केली व गिऱ्हाइकालाही समजावून दिली. त्यांच्याच मुलांपुढे १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. बहुतेक कापडावर तोपर्यंत व्हॅट नव्हता. रोजमेळ आणि खतावणी एवढ्यावर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना संगणकावरचे बिल आणि विवरणपत्रे शिकण्याची वेळ आली. काहींनी गल्ल्याची किल्ली मुलाच्या हाती देऊन “आता या वयात काय शिकायचे ?” म्हटले आणि ते गादीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. काहींनी नातीला शेजारी बसवून चष्मा पुसत विचारले, “हे बटण कशाचे ग ?” त्या नातीने त्या दिवशी संगणक शिकवला, आजोबांनी मात्र तिला त्याहून मोठा धडा दिला. साठीनंतरही माणूस विद्यार्थी होऊ शकतो, हे तिने प्रत्यक्ष पाहिले.

जैन दर्शनाला हा विचार परका नाही. कर्मसिद्धांताचा अर्थ ‘नशिबात नाही’ असा लावणे म्हणजे पुरुषार्थावर अन्याय करणे होय. चौदा गुणस्थानांची कल्पना हीच मुळी आत्म्याच्या क्रमिक विकासाची कल्पना आहे. तीत पतनही गृहीत धरलेले आहे. अकराव्या गुणस्थानापर्यंत चढलेला जीवही तेथून खाली येतो. तरीही त्याच्यासाठी मार्ग बंद होत नाही, तो पुन्हा चढू शकतो. प्रतिक्रमणात दोष कबूल करून परत फिरायचे असते. ‘मी पापीच’ असा शिक्का स्वतःवर मारून बसायचे नसते. हीच दृष्टी मुलाच्या प्रगतिपुस्तकाकडे पाहताना मात्र का हरपते, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

घरात सुरुवात साधी आहे. “किती गुण मिळाले ?” याच्या जोडीला “कोठे अडले आणि मग काय केले ?” असे विचारावे. दोन भावंडांची तुलना टाळावी. सुनेला पहिल्याच महिन्यात ‘हिला स्वयंपाक येत नाही’ हे प्रमाणपत्र देऊ नये. नोकराकडून तागा चुकीचा फाटला, तर ओरडण्यापूर्वी त्याला माप घेण्याची रीत कोणी दाखवली होती का, हे पाहावे. वडीलधाऱ्यांनी स्वतःची चूक मुलांसमोर मान्य करावी. तिचा परिणाम दहा उपदेशांहून अधिक होतो.

परंतु केवळ घराने भागत नाही. २०१९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतील नववीच्या सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तासाभराहूनही कमी वेळात दिलेल्या या शिकवणीने अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण थोडे, पण निश्चित वाढले. जेथे सोबतच्या मुलांमध्ये अवघड काम अंगावर घेण्याची रीत होती, तेथे लाभ अधिक दिसला. बी चांगले असले तरी जमीन लागते. ती जमीन म्हणजे समाज.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळापुढे एक नम्र सूचना आहे. समाजात दरवर्षी गुणगौरव समारंभ होतात. प्रथम, द्वितीय, तृतीय क्रमांकांना व्यासपीठावर बोलावले जाते, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या बरोबरीने आणखी एक पारितोषिक असावे. मागच्या वर्षी नापास होऊन यंदा उत्तीर्ण झालेल्या मुलाला किंवा मुलीला, आणि संसार सांभाळून अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करणाऱ्या भगिनीला. अर्थात त्यांची संमती घेऊन आणि ‘नापास’ हा शब्द न उच्चारता. पारितोषिकाचे नाव ‘पुनःप्रयत्न’ असावे. नापास झालेली मुले निकालानंतर समाजाच्या कार्यक्रमांना येईनाशी होतात. मागच्या बाकांवरूनही ती दिसत नाहीत. पन्नास वर्षे सर्वांसाठी खुले असलेले या वास्तूचे दार त्यांना स्वतःहून बंद वाटू लागते. ते पुन्हा उघडे वाटावे, यासाठी खर्च एका श्रीफळाचा, एका शालीचा आणि दोन चांगल्या शब्दांचा आहे.

आणि पुढच्या निकालाच्या दिवशी घरी पाहुणे आले, तर धाकट्याविषयी एवढेच सांगावे, “त्याला अजून गणित जमलेले नाही. शिकतो आहे.” तो दाराआड उभा राहून ऐकत असतो.

जय जिनेंद्र !