साठीनंतरची शर्यत

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



ज्यांनी परीक्षेत यश मिळविले किंवा उद्योगधंद्यात नाव काढले, त्यांनी या व्यासपीठावरून बोलावे असा आपला प्रघात आहे. मी एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी नाशिक येथील एका शर्यतीत उतरलो, ही वार्ता चिटणीसांच्या कानी गेली आणि त्यांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. ती मी शिरसावंद्य मानतो.

या शर्यतीस ड्युएथलॉन म्हणतात. प्रथम धावणे, मग सायकल चालविणे आणि शेवटी पुन्हा धावणे, असे तिचे तीन टप्पे असतात. पूर्वी तिला बायथलॉन असे नाव होते; परंतु बर्फावरून घसरत जाऊन नेम मारण्याच्या खेळाचेही तेच नाव असल्यामुळे ते बदलण्यात आले. तिची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० साली अमेरिकेत पाम स्प्रिंग्ज येथे झाली. स्वित्झर्लंडातील झोफिंगेन गावची शर्यत १९८९ साली सुरू झाली. तेथील वीर दीडशे किलोमीटर सायकल चालवून वर तीस किलोमीटर धावतात! आमची शर्यत त्या मानाने बाळबोध होती. पाच किलोमीटर धावणे, वीस किलोमीटर सायकल आणि अखेरीस अडीच किलोमीटर धावणे, एवढाच तिचा पल्ला.

या फंदात मी का पडलो, हे सांगणे प्राप्त आहे. २०१९ साली मी सेवानिवृत्त झालो. मंडळाने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला आणि 'गुरुजींनी आता विश्रांती घ्यावी' असे प्रत्येक वक्ता प्रेमाने म्हणाला. पुढे दोन वर्षांनी माझी पत्नी निवर्तली. मुलगा आणि सून माझी काळजी वाहतात, घरात काही उणे नाही. तथापि दिवसाला आकार उरला नाही. सकाळचा चहा, वर्तमानपत्र, आरामखुर्ची, जेवण आणि पुन्हा आरामखुर्ची, असा क्रम चालू राहिला. रक्तातील साखर वाढली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले, "गुरुजी, गोळी तिचे काम करील, पण स्नायू हालले म्हणजे तेही रक्तातील साखर वापरतात. ते काम तुमचे तुम्हालाच केले पाहिजे."

ज्या काळ्या सायकलीवरून मी नोकरीच्या काळात रोज शाळेत जाऊन येऊन अकरा किलोमीटर करीत असे, ती परसात पडून होती. ती दुरुस्त करविली. आधी चालणे, मग सायकल, मग अगदी सावकाश धावणे, असा आठ महिने अभ्यास केला. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून अनुमती दिली, तेव्हा पुतण्याने शर्यतीत माझे नाव नोंदविले. एका आप्ताने विचारले, "या वयात अर्धी विजार घालून रस्त्याने धावणे शोभते का?" मी म्हणालो, "याच वयात रुग्णालयातला अंगरखा घालून खाटेवर पडणे शोभते, तर हे का शोभू नये?"

शर्यतीच्या दिवशी पहाटेची थंडी चांगलीच बोचरी होती. छातीवर क्रमांक लावला आणि घोट्याला वेळ मोजणारी पट्टी बांधली. सभोवार तरुण मंडळी, त्यांच्या हलक्या, गिअरच्या सायकली आणि त्यांत माझी ती वजनदार काळी सायकल! पहिले पाच किलोमीटर मी अडतीस मिनिटांत धावलो. नंतर गंगापूर धरणाच्या रस्त्याने सायकल हाणली. जाताना चढ जाणवला, येताना समोरून वारा होता. शाळेच्या वाटेवरचा जुना सराव येथे कामी आला; त्या वीस किलोमीटरना पाऊण तास अधिक अर्धा तास, म्हणजे पंचाहत्तर मिनिटे लागली.

खरी परीक्षा पुढेच होती. सायकलवर शरीराचा भार बैठकीवर असतो आणि मांड्या गोल गतीने जोर लावतात. खाली उतरून धावू लागताच तोच भार प्रत्येक पावलागणिक पायांवर येतो. पाय आपले नव्हेतच असे वाटते. पाऊल उचलते, पण पुढे पडत नाही. सकाळी जे पाय पाच किलोमीटर धावले होते, तेच जणू धावणे विसरून गेले. अनुभवी खेळाडू सायकलवरून उतरताच थोडे धावण्याचा सराव मुद्दाम करतात, तो याचसाठी. ही अवस्था काही मिनिटांची असते. त्या मिनिटांत जो थांबला नाही, त्याचे पाय हळूहळू वळणावर येतात. माझेही आले. अखेरचे अडीच किलोमीटर मी चोवीस मिनिटांत पुरे केले.

आता मुख्य मुद्दा सांगतो. धावणे आणि सायकल यांच्यामध्ये बदलाची एक जागा असते. तेथे सायकल मांडून ठेवलेली असते. शिरस्त्राणाचा पट्टा बांधल्याखेरीज सायकलीस हात लावावयाचा नाही, असा कडक नियम असतो. नवख्याला वाटते, ही विसाव्याची जागा. परंतु तेथेही घड्याळ चालूच असते! पट्टा बांधण्यात आणि पाणी पिण्यात माझी सहा मिनिटे गेली. परतल्यावर सायकल ठेवण्यात तीन. ही नऊ मिनिटे धरूनच माझा एकूण वेळ दोन तास सव्वीस मिनिटे असा नोंदला गेला. साठ वर्षांवरील गटात आम्ही दोघेच होतो आणि माझा दुसरा क्रमांक आला. घरी मी 'दुसरा आलो' एवढेच सांगितले, पुढचे कोणी विचारले नाही.

बंधुभगिनींनो, सेवानिवृत्ती ही अशीच बदलाची जागा आहे. आपण तिला मुक्काम समजतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल पांघरून मनुष्य खुर्चीत बसतो आणि मानतो की आपला हिशेब पुरा झाला. घड्याळ मात्र थांबत नाही. नव्या कामाच्या आरंभी पाय जड होतात. त्यालाच आपण म्हातारपण म्हणतो आणि बसून राहतो. आपल्याच स्मरणिकेतील श्रद्धांजलीची पाने उघडून पाहा. साठीच्या आतबाहेर गेलेल्यांची नावे वाचताना माझ्या मनाला चटका बसतो. व्यायामाने मरण टळते असे मी म्हणत नाही. परंतु प्रौढांनी आठवड्यास किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे आणि त्यातून पासष्टीच्या पुढील माणसांनाही वगळलेले नाही. रोजची बावीस मिनिटेही होत नाहीत ती!

थोरांची उदाहरणे आहेतच. फ्रान्सचे रॉबेर मार्शां यांनी २०१७ साली, वयाच्या एकशेपाचाव्या वर्षी, तासाभरात साडेबावीस किलोमीटर सायकल चालविली. पंजाबचे फौजासिंग आप्तांच्या मृत्यूचे दुःख सोसून उतारवयात धावू लागले आणि २०११ साली टोरांटो येथील मॅरेथॉन त्यांनी पुरी केली. नाशिकच्याच डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. तितके आपणा सर्वांस साधेल असे नाही. तशी आवश्यकताही नाही.

मंडळापुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, सेवानिवृत्तांच्या सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर कापडी बुटांचा एक जोड द्यावा आणि 'विश्रांती घ्या' हे वाक्य भाषणांतून वगळावे. दुसरी, दर रविवारी सकाळी कार्यालयापासून फिरावयास जाणारी एक तुकडी असावी, आणि भगिनींची स्वतंत्र तुकडी असावी. घरातील सर्वांचे आटोपून त्यांना वेळ उरत नाही, असे म्हणून भागणार नाही. त्या वेळेपुरता चहा पुरुषांनी करावा. माझ्या पत्नीने आयुष्यभर सर्वांची पथ्ये सांभाळली, स्वतःसाठी मात्र तिला अर्धा तास मिळाला नाही. हे शल्य मला आहे, म्हणूनच हे बोलतो.

तिसरी सूचना अशी की, गुणवंत विद्यार्थ्यांच्या पारितोषिकांबरोबर एक पारितोषिक पन्नाशी उलटलेल्या ज्ञातिबांधवासाठी अथवा भगिनीसाठी असावे. त्याकरिता माझ्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ अकरा हजार रुपये मी मंडळाच्या स्वाधीन करीत आहे. अट एवढीच की, हे पारितोषिक पहिल्या क्रमांकाला देऊ नये. वर्षारंभी जो संकल्प सोडला, तो वर्षअखेर ज्याने पुरा केला, त्याला द्यावे. मग तो संकल्प रोज मंदिरापर्यंत पायी जाण्याचा का असेना.

 येत्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता मी कार्यालयाच्या दाराशी उभा असेन. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.