उकिरड्याची दैना

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बरकतपुरा येथे भरलेल्या कुटुंब-मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी कचऱ्यावर बोलणे शोभेल की नाही, अशी शंका प्रथम माझ्याही मनात आली. चिटणीसांनी मला विषय सुचवला होता तो वेगळा. घर आणि बाग ह्यांसाठी पर्यावरणाला पोषक अशा वस्तू कोणत्या घ्याव्यात, ते आमच्या सभासदांना सांगा, असे ते म्हणाले. मी विचार करू लागले तेव्हा ध्यानात आले की, गेल्या सहा वर्षांत ह्या बाबतीत मी जे काही शिकले, त्यातले फारसे विकत घेऊन शिकलेले नाही. दोन जुने माठ, तेही गळके, एवढेच माझे भांडवल. तेव्हा त्या माठांविषयीच चार शब्द बोलणार आहे.

मी लग्न होऊन ह्या बरकतपुऱ्यात आले, तेव्हा आमचे बैठे घर होते. मागे लहानसा परस होता. त्यात एक पपई, एक गोडलिंब, मोरीचे पाणी जाई तेथे केळी आणि अळू. सासूबाई भाजीची देठे, साली, चहाचा चोथा, देवाचे निर्माल्य सारे परसातल्या एका खड्ड्यात टाकीत. वरून बंबाची राख आणि झाडून काढलेला पाला पडे. वर्षातून एकदा तो खड्डा उपसून त्या झाडांना घालीत. ह्या कामाला त्यांनी कधी मोठे नाव दिले नाही. ‘घरचे घरात जिरले’ एवढेच त्या म्हणत.

पुढे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांचे झाले तेच आमच्या घराचे झाले. बैठे घर गेले, त्या जागी पाच मजले उभे राहिले आणि परसाच्या जागी सिमेंट आले. त्याबरोबर सासूबाईंचा खड्डाही बुजला. राहिली ती सिंकखालची प्लास्टिकची बादली. रात्री सगळे तिच्यात टाकावे, सकाळी ती दाराबाहेर ठेवावी, आणि विषय संपला. २०१५ साली महानगरपालिकेने ओल्या व सुक्या कचऱ्यासाठी हिरवी आणि निळी अशा दोन बादल्या घरोघर वाटल्या, हे आपल्याला आठवत असेल. खरे सांगते, आमच्या घरी त्यातली एक तांदळासाठी आणि दुसरी नळाचे पाणी साठवण्यासाठी लागली!

माझे डोळे उघडले ते एका फुटक्या पेल्यामुळे. निळ्या फुलांचा काचेचा पेला हातून पडून फुटला. मी तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि भाजीच्या सालींबरोबर बादलीत टाकले. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या ऑटोवर येणाऱ्या बाईच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली. काय झाले म्हणून विचारले, तर ती हसून म्हणाली, “काच लगा अम्मा. काच अलग रखे तो अच्छा था.” कोणाच्या घरची काच, ते तिने सांगितले नाही; पण ऑटोच्या कडेला निळ्या फुलाचा एक तुकडा पडलेला मी पाहिला. ती माझ्यावर रागावली असती, तर मला बरे वाटले असते. आपण कचरा टाकतो, म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जातो, ही साधी गोष्ट मला त्या दिवशी कळली.

आणि तिच्या हातातून तो कोठे जातो? ह्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे ईशान्येच्या बाजूला जवाहरनगरच्या डेपोत जाऊन पडत आला आहे. तेथे त्याचे डोंगर झाले. त्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने जवळच्या मलकारम तलावाची नासाडी झाली. आजूबाजूला वस्ती आहे, मुलेबाळे आहेत. आपल्याकडे कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो, म्हणजे साली, देठे, उष्टे, फुले. हाच भाग ढिगाखाली वारा न लागता कुजतो, तेव्हा त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर हवा तापवण्याच्या बाबतीत हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक भारी पडतो. तीच साल हवा खेळती ठेवून कुजवली, तर तिची काळी, सुवासिक माती होते. वस्तू एकच, एका ठिकाणी ती विष होते, दुसऱ्या ठिकाणी अन्न. मध्ये फरक आहे तो केवळ थोड्याशा हवेचा आणि थोड्याशा निगेचा.

हे ज्ञान परदेशातून आयात झालेले नाही. १९२४ ते १९३१ ह्या काळात इंदूरच्या वनस्पति-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी खत कुजवण्याची एक पद्धत बसवली. आपल्या आणि चीनच्या शेतकऱ्यांचे व्यवहार पाहून त्यांनी तिला शास्त्राची शिस्त दिली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ ह्याच नावाने ओळखली जाते. १९३१ साली ह्या विषयावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या नावाच्या जोडीला यशवंत वाड ह्या त्यांच्या सहकाऱ्याचे नाव आहे. होळकरांच्या इंदुरात तयार झालेली ही विद्या आपण मात्र आज ‘गार्डन सेंटर’मधून पिशवीच्या भावाने विकत आणतो!

आता माझ्या माठांकडे येते. पेल्याच्या प्रसंगानंतर मी जोरात कामाला लागले आणि लगेच तोंडघशी पडले. पावसाळ्याचे दिवस होते. माठात साली टाकल्या, वर झाकण घट्ट बसवले. आठ दिवसांत असा वास सुटला की, शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारले, “घरात काही मेले तर नाही ना?” झाकण काढले तो आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. आमच्या ह्यांनी माठ खाली नेऊन टाकण्याचा ठराव मांडला आणि मुलांनी त्याला अनुमोदन दिले.

माठ वाचवला तो आमच्या वॉचमनच्या बायकोने. ती महबूबनगरकडची, शेतकऱ्याची मुलगी. तिने आत डोकावून पाहिले आणि म्हणाली, “इसमें सूखा पत्ता कहाँ है अम्मा? नुसता गीला डाले तो कैसा होता?” तिने फाटकापाशी झाडलेला कडुलिंबाचा पाला टोपलीभर आणून ओतला, काठीने खालवर केला आणि निघून गेली. चार दिवसांत वास गेला. पुस्तकात हेच ‘कार्बन व नत्र यांचे प्रमाण’ म्हणून सांगितलेले असते: ओल्यात नत्र अधिक, वाळल्या पाल्यात कार्बन अधिक, आणि दोहोंचा मेळ बसला म्हणजे कुजणे नीट चालते. तिने पुस्तक वाचलेले नव्हते; तिने उकिरडा पाहिलेला होता.

तेव्हापासून मी करते ती रीत थोडक्यात सांगते. भगिनींनी लिहून घेतली तरी चालेल.

जुना माठ किंवा रांजण घ्यावा. तळाशी आणि बाजूंना बोट जाईल अशी पाचसहा भोके पाडावीत. खाली नारळाच्या शेंड्या किंवा वाळक्या काड्या घालाव्यात व माठ दोन विटांवर ठेवावा. रोजच्या साली, देठे बारीक चिरून टाकाव्यात आणि प्रत्येक वेळी वरून दीडदोन पट वाळला पाला पसरावा. पाला मिळाला नाही, तर लाकडाचा भुसा किंवा नारळाचा काथ्या चालतो. आरंभी मूठभर जुने खत किंवा आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडावे, म्हणजे विरजण लागते. आठवड्यातून दोनदा काठीने हलवावे. तोंडावर झाकणाऐवजी पातळ फडके बांधावे. ओल किती असावी? मूठ दाबली तर हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये, पिळलेल्या फडक्याइतकी. वास आला तर समजावे की पाणी फार झाले, पाला घालावा. मुंग्या झाल्या तर समजावे की कोरडे पडले, पाणी शिंपडावे. त्या पांढऱ्या अळ्या बहुधा एका काळ्या माशीच्या असतात. त्या आपल्याला चावत नाहीत, उलट कचरा खाऊन आपले काम हलके करतात. तेलकट उष्टे, मांसमच्छी आणि दूध-दही मात्र माठात घालू नये. विरजणापुरते पातळ ताक एवढाच त्याला अपवाद. एक माठ भरला की तो मुरत ठेवून दुसरा धरावा. दोनअडीच महिन्यांत पहिल्या माठात पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारी काळी माती तयार होते.

‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. माठात ती अडीच महिन्यांत फिटते!

हे खत घालायचे कोठे, असा प्रश्न फ्लॅटमधल्या भगिनी विचारतात. चार कुंड्या तर कोणाच्याही गॅलरीत बसतात. एक भाग खत आणि दोन भाग माती घेऊन मी गोडलिंब, पुदिना, मेथी आणि अंबाडी लावते. अंबाडीची भाजी घरची झाली म्हणजे आमच्या इमारतीतली तेलुगू कुटुंबेही वाटा मागायला येतात. त्यांच्या गोंगूऱ्याने आमचे शेजारपण घट्ट केले आहे. उरलेले खत फाटकाजवळच्या कडुलिंबाला जाते. एक विनंती मात्र आहे. झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतू नका, हातभर तरी माती मोकळी ठेवा. पाणी मुरायला आणि खत घालायला जागाच नसेल, तर माठाचा काय उपयोग?

आता चिटणीसांचा मूळ प्रश्न: वस्तू कोणत्या घ्याव्यात? माझे उत्तर असे की, हिरवे पान छापलेली प्रत्येक वस्तू घेण्याआधी घरात जे आहे ते शोधावे. कागदी पेल्याला आतून बहुधा प्लास्टिकचे अस्तर असते. ‘कुजणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा पिशव्या कारखान्यातल्या उष्ण भट्ट्यांतच नीट कुजतात, माठात नाही. त्यापेक्षा जुन्या साडीची पिशवी आणि स्टीलचा डबा बरा. रेशमी वस्त्र व चांदी धुवायला रिठा उत्तम. संत्र्या-लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी तीन महिने आंबवून फरशी पुसण्याचे पाणी अनेकजणी करतात. ते जरूर करावे, पण त्याने सगळे रोगजंतू मरतात असे मानून आजाऱ्याच्या खोलीत त्याच्यावर विसंबू नये. जुने म्हणून सगळेच चांगले, असेही मी म्हणणार नाही. आमच्या गावाकडचे उघडे उकिरडे माश्यांची आगरे होती. जुन्यातले शहाणपण घ्यावे, माश्या घेऊ नयेत.

सणांचेही तेच. ह्या तेलंगणाच्या भूमीत बतुकम्मा होते ती तरवडाच्या आणि कुरडूच्या फुलांची. पाण्यात सोडली तरी फुले ती फुलेच. आपला गणपती मात्र आपण प्लास्टर ऑफ पॅरिसचा केला. ते पाण्यात सहजी विरघळत नाही आणि वरचे रंग पाण्याला बाधतात. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुधारित सूचनांत मूर्तींसाठी ते वर्ज्य ठरवले. आमच्या घरी आता शाडूची वीतभर मूर्ती असते. घरातच बादलीत विसर्जन करतो, ती माती कुंडीत जाते आणि निर्माल्य माठात. पहिल्या वर्षी मला रुखरुख लागली होती. पुढच्या वर्षी त्याच मातीत आलेली जास्वंद बाप्पाला वाहिली, तेव्हा रुखरुख गेली.

शेवटी एक हिशेब आणि एक मागणे. आमच्या चार माणसांच्या घरात ओला कचरा रोज सुमारे किलोभर निघतो. समजा, आपल्या सभासदांपैकी चाळीस घरांनी माठ ठेवला, तर वर्षाला साडेचौदा टन कचरा जवाहरनगरच्या वाटेला लागणार नाही. साडेचौदा टन! आणि राहिलेला सुका कचरा स्वच्छ, कोरडा राहील. तो वेचणाऱ्या हातांना चिखल आणि काच लागणार नाही. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ साली त्यांच्याच ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. वेगळा केलेला कचरा हा त्या स्त्रियांच्या लेखी घाण नसून मजुरी आहे. आपल्या दारी येणाऱ्या बाईच्या लेखीही तसेच आहे.

म्हणून विश्वस्त मंडळींकडे माझे मागणे असे. ह्या संस्थेच्या हळदीकुंकवाला, वर्धापनदिनाला आणि पंगतींना ह्यापुढे पळसाच्या पत्रावळी आणि स्टीलचे पेले असावेत. पाहुण्यांना गुच्छाऐवजी रोप द्यावे. आणि संस्थेच्या मागच्या अंगणात, जेथे आज मोडक्या खुर्च्या रचल्या आहेत, तेथे चार रांजण ठेवावेत. रांजण मी देते, पाला आमचा कडुलिंब देईल. काठीने हलवण्याचे काम बालवर्गाकडे सोपवावे. अळ्यांची भीती मोठ्यांनाच वाटते, मुलांना नव्हे.

आमच्या दारी येणारी ती बाई आजही येते. तिच्या हातात मी आता कोरडी पिशवी देते, आणि फुटकी काच असली तर वेगळ्या डब्यात, चिठ्ठी लावून. मागच्या महिन्यात तिने माझ्याकडे मूठभर खत मागितले. तिच्या दारात तुळस आहे. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, घरचे घरात जिरले, आणि दारच्यालाही पुरले.