राजांचे कल्पित पूर्वज

इंग्लंडातील बहुतेक अँग्लो-सॅक्सन राजे आपले कूळ वोडेन या देवापासून सांगत. इसवी सन ७३१ मध्ये संत बीड यांनी आपल्या इतिहासात ही परंपरा नमूद केली. तोवर ही राजघराणी ख्रिस्ती झाली होती. वोडेनची पूजा सुटली. वंशावळीतील त्याचे स्थान मात्र सुटले नाही. देवाचा केवळ मूळपुरुष झाला.

पुढे आल्फ्रेड राजाच्या काळी, नवव्या शतकाच्या अखेरीस, अँग्लो-सॅक्सन बखर सिद्ध झाली. तीत आल्फ्रेडच्या पित्याची वंशावळ वोडेनच्याही मागे, थेट आदामापर्यंत नेलेली आहे. त्यातील एक पूर्वज नोहाच्या तारवात जन्मला, असे बखर सांगते. बायबलात मात्र तारवातील अशा जन्माचा उल्लेखही नाही!

उमरावांनीही हाच मार्ग धरला. १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीचे सॅक्सन पूर्वज पुढे कित्येक घराणी मिरवू लागली. जे. एच. राउंड या संशोधकाने १९१० च्या आपल्या ग्रंथात जुने दस्तऐवज तपासून अशा अनेक वंशावळींचा फोलपणा दाखविला.

राज्य तलवारीने मिळे. ते आपलेच, हे लोकांस पटविण्यास पूर्वज लागत. म्हणून या नामावळीत पूर्वजांचे सत्य थोडे, वंशजांची निकड अधिक.