पाण्याची पाळी कोणाची?



आज आम्ही बोनसवर बोलणार नाही, महागाई भत्त्यावरही बोलणार नाही. आज आम्ही पाटाच्या पाण्यावर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गिरणीत सूत काढणाऱ्यांना पाटाशी काय करायचंय? तर या सभेत बसलेल्यांनी आपापल्या मनाला विचारावं, आपण शहरात का आलो? हौसेने कोण आला? साताऱ्याच्या माणदेशातून, सांगलीच्या खानापूर-आटपाडीतून, नगर-सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यातून आपले आजे-बाप पोत्यात दोन भाकऱ्या बांधून निघाले, ते शेताला पाणी नव्हतं म्हणून. आपल्या घराण्याचा पहिला मालक गिरणीवाला नव्हे, पहिला मालक दुष्काळ!

आणि दुसरी गोष्ट. मुंबईच्या गिरण्या ज्या विजेवर फिरल्या, ती वीज कुठून आली? लोणावळ्याच्या डोंगरावर धरणं बांधली, तिथलं पाणी नळांतून खाली कोकणात सोडलं आणि १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. ते पाणी मूळचं इंद्रायणीचं, म्हणजे भीमेचं. ते आपल्या वाटेने गेलं असतं तर पंढरपूर-सोलापूरकडे गेलं असतं. पुढे मुळशीचं धरण आलं. १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी जमिनी बुडाल्याच. म्हणजे गावाकडचं पाणी आधी मुंबईला आलं, आणि त्याच्या मागोमाग गावाकडची माणसं आली. तेव्हा पाण्याचा हिशेब विचारण्याचा हक्क कामगाराला नाही तर कोणाला आहे?

आम्ही चार इयत्ता शिकलेली माणसं. इंजिनिअरची भाषा आम्हांला येत नाही. पण कालवा ही गोष्ट काही अवघड नाही. धरणात पाणी साठवायचं. तिथून मोठा कालवा काढायचा. तो डोंगराच्या कडेकडेने, अगदी थोडा उतार देत न्यायचा, म्हणजे पाणी आपोआप चालतं. त्याला इंजिन लागत नाही, तेल लागत नाही. कालव्याला फाटे, फाट्याला चाऱ्या, चारीला शेतचाऱ्या. साच्यावर जसा एका रुळावरून शेकडो धागे सुटतात, तसं एका धरणातून हजारो शेतांना पाणी सुटतं. आपल्या देशात आता निम्म्याहून जास्त भिजणारी शेती विहिरी-बोअरवर आहे हे खरं. पण कालव्याच्या पट्ट्यातल्या विहिरींना पाणी येतं कुठून? पुष्कळसं पाटाच्याच पाझरातून. पाट आटला की विहीर आटते.

आता आपल्या मुलखातले कालवे कसे झाले ते ऐका. १८७६ ते १८७८ दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. माणसं किड्या-मुंग्यांसारखी मेली. त्याच काळात पुण्याजवळ खडकवासल्याचं धरण उभं राहत होतं. त्यामागोमाग नीरेचा डावा कालवा आला, पुढे गोदावरीचे कालवे आले, १९२६ साली प्रवरेवर भंडारदरा पुरं झालं. हे कालवे कशासाठी? तर दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून. गरिबाच्या ताटात भाकरी राहावी म्हणून.

पण झालं काय? पाऊस बरा झाला की ज्वारीवाला पाणी घेईना. पाणी नाही घेतलं तर पाणीपट्टी नाही. सरकारचा खर्च निघेना. मग सरकारला ऊस आवडू लागला, कारण ऊसवाला बारा महिने पाणी घेतो आणि बारा महिने पट्टी भरतो. १९३२ साली परदेशी साखरेवर जकात बसवून देशी साखरेला संरक्षण दिलं, आणि कालव्यांच्या काठी साखर कारखाने उभे राहिले. १९५० मध्ये प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू केला. ती मोठी गोष्ट होती. मालकशाही मोडून शेतकरी स्वतः मालक झाला, हे आम्ही कामगार विसरणार नाही. पण बंधूंनो, कारखाना सहकारी झाला म्हणून पाणी सहकारी झालं का? नाही झालं! आज महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा जेमतेम चार-सहा टक्क्यांचा, आणि सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा निम्म्याच्या पुष्कळ वर, हे जाणकार वर्षानुवर्षं सांगत आलेत. एका एकराच्या उसाला जे पाणी लागतं, त्यात कितीतरी एकर ज्वारी निघते.

यात ऊसवाल्याला शिव्या देऊन भागणार नाही. तोही शेतकरीच आहे. जिथे हमखास भाव, तिथे तो जाणार. दोष आहे तो पाळीचा.

पाळी म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. समजा पगाराचा दिवस आहे. खिडकीपाशी रांग लागली आहे. पण प्रत्येकाने किती घ्यायचं याला नियम नाही. पुढचे दहा जण पिशव्या भरभरून घेतात. शंभरावा माणूस खिडकीशी पोहोचतो तेव्हा पेटी रिकामी! कालव्यावर हेच होतं. पाणी उताराने येतं, म्हणून माथ्यावरच्या शेताला आधी भेटतं. माथ्यावरचा मोरी मोठी करतो, रात्री दार उचलतो, पाइप टाकतो. शेवटच्या टोकाला, ज्याला आपल्याकडे टेल म्हणतात, तिथे चारीत बेडूकही भिजत नाही.

आमच्यातल्याच एकाच्या घरची गोष्ट सांगतो. गाव टेलचं. रब्बीची ज्वारी पोटरीत आलेली. सात नंबरचा अर्ज भरलेला, मंजूर झालेला. आवर्तन सुटलं असं कळलं. म्हातारा बाप तीन रात्री बॅटरी घेऊन चारीवर बसला. पहिल्या रात्री पाणी आलं नाही. दुसऱ्या रात्री आलं नाही. तिसऱ्या रात्री पहाटे घोट्याएवढं आलं, चार सरी भिजल्या आणि तुटलं. वर पाहत गेला तर दोन मैलांवर उसात गुडघाभर पाणी. पाटकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "बाबा, माझं कोण ऐकतंय?" आठ दिवसांनी वरून आवर्तन बंद झालं. ज्वारी करपली, कडबाही हाती लागला नाही. म्हशीला दावणीला ठेवायचं तर वैरण नाही, म्हणून ती विकली. आणि पुढे पाणीपट्टीची मागणी मात्र वेळेवर घरी आली! त्या वर्षी थोरला मुलगा एस.टी.त बसला आणि गिरणीत आला. तो आज या सभेत बसला आहे. त्याला विचारा, गावात धरणाचं पाणी आहे का? तो म्हणेल, नकाशात आहे.

हे दुखणं आजचं नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी विश्वेश्वरय्या पुण्याकडे इंजिनिअर होते, त्यांनी नीरा कालव्यावर हेच पाहिलं. माथ्याची जमीन पाणी पिऊन पिऊन चिबड होते, मीठ फुटून चोपण होते, हिवताप पसरतो. आणि टेल तहानलेलं राहतं. म्हणजे जादा पाण्याने माथ्याचाही घात होतो. म्हणून त्यांनी ब्लॉक पद्धत काढली. ऊस ठराविक हिश्श्यातच, बाकीत भुसार पिकं, आणि फेरपालट करायची, म्हणजे पाणी लांबवर पुरेल. कागदावर सोन्यासारखी योजना. पण उसाच्या जोरापुढे नियम ढिले पडत गेले.

वाटणीच्या रीती काय कमी आहेत? पंजाबात वारबंदी आहे. आठवड्याचे १६८ तास जमिनीच्या प्रमाणात वाटलेले. ज्याचा तास त्याचं पाणी, रात्र असो की दिवस. आपल्या धुळे-नाशकाकडे पांझरा, मोसम नद्यांवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. गावाची शेती फडांत वाटायची, एका फडात एकच पीक, पाटकरी गावाने नेमायचा, त्याला मेहनताना गावाने द्यायचा. आपल्या सरकारी कालव्यांवर शेजपाळी आहे, टेलकडून माथ्याकडे पाणी देत यायचं असा तिचा चांगला नियम आहे. नियम आहे, पण राखणारा हात नाही!

त्यातही वारबंदी काय, शेजपाळी काय, पाणी जमिनीच्या मागे जातं. ज्याला वीस एकर त्याला वीस एकराचं, ज्याला जमीनच नाही त्याला काहीच नाही. या गाठीला हात घातला तो १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात नायगावला. विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर, पाच माणसांच्या घराला अडीच एकरापर्यंत. भूमिहीनालाही हक्क. आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही.

आणि आता आपल्या स्वतःच्या माणसांची गोष्ट. १९८२ साली मुंबईत गिरणी कामगारांचा संप झाला. चुली विझल्या तेव्हा हजारो कामगार गावाला परतले. खानापूर तालुक्यातही परतले. तिथे दुष्काळ, आणि रोजगार हमीवर खडी फोडायची. आपल्या माणसांनी युनियनमध्ये काय शिकलं होतं? प्रश्न विचारायला शिकलं होतं! त्यांनी विचारलं, जन्मभर खडीच फोडायची का? दुष्काळ हटवणारं काम का नाही? मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि नदी कोरडी पडत होती. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ठरवलं, थोडी वाळू आपणच विकू, त्या पैशात आपलं धरण बांधू. सरकारशी झगडले, श्रमदान केलं आणि बळीराजा धरण उभं केलं. त्याच्या पाण्याचा नियम काय? गावातल्या प्रत्येक घराला सारखा वाटा, भूमिहीनालासुद्धा!

बंधूंनो, संप हरला असं लोक म्हणतात. गिरणीच्या दारात हरला असेल. येरळेच्या काठी तो हरला नाही.

तेव्हा आमचं म्हणणं थोडक्यात हे. धरण हवं, कालवा हवा, त्यावाचून कोरडवाहू शेतकऱ्याची सुटका नाही. पण नुसत्या दगड-मातीच्या भिंतीने पाणी मिळत नाही. पाणी मिळतं पाळीने, आणि पाळी टिकते संघटनेने. २००५ साली महाराष्ट्रात कायदा झाला आहे. शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था करावी, संस्थेला पाणी मोजून द्यावं. कायदा आपल्या पायाने चालत चारीवर येत नाही, त्याला माणसांनी उचलून न्यावा लागतो.

म्हणून सुट्टीला गावाला जाल तेव्हा नुसती जत्रा करून येऊ नका. चारीवर जा. विचारा, आपल्या चारीला पाणी किती मंजूर, आणि टेलला मोजून किती पोहोचलं? पाळीची यादी चावडीवर लावली आहे का? संस्था आहे का, आणि तिच्यात टेलचा माणूस आहे का? बाया आहेत का? मजुराला वाटा आहे का? गिरणीत आपण पगारपत्रकाचा एक आणा चुकला तरी खात्याचं दार अडवतो. मग बापाच्या शेताचं अख्खं आवर्तन चोरीला जातं तेव्हा आपण गप्प का?

माथ्याच्या शेतकऱ्याशी आपलं वैर नाही. त्याला सांगा, तुझी जमीन चोपण होण्याआधी दार खाली कर. ऐकलं तर भाऊ म्हणून, नाही ऐकलं तर दहा गावं मिळून.

पाणी कोणाच्या बापाचं नाही. आभाळातून पडतं ते सगळ्यांवर पडतं. जमिनीवर आल्यावरच त्याला मालक फुटतात.

टेलपर्यंत पाणी पोहोचलेच पाहिजे! कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो!