पान वाचतो, तो पाटीही वाचील
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



ट्रॅक्टर घरोघर आले, लायसन मात्र थोड्यांच्याच खिशात आहे. कापसाची ट्रॉली बाजाराला नेताना अपघात झाला आणि चालवणाऱ्याकडं लायसन नसलं, तर भरपाई मालकाच्या बोकांडी बसू शकते. मग वावर विकायची पाळी येते.

'परीक्षेत पाट्या विचारतात, आम्ही अडाणी,' असं म्हणू नका. कपाशीचं पान लाल पडलं की बांधावरून लाल्या ओळखता ना? पाटीही तशीच ओळखायची. आधी आकार बघा. गोल म्हणजे हुकूम. त्रिकोण म्हणजे इशारा : पुढं वळण, अरुंद पूल. चौकोन म्हणजे माहिती : दवाखाना, पेट्रोलपंप. वेगळे दोनच. आठ कोनांची लाल पाटी म्हणजे थांबा, उलटा त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ द्या.

मग रंग बघा. लाल कडेच्या गोलात भोंग्यावर तिरपी रेघ असेल, तर हॉर्न वाजवायचा नाही. निळ्या गोलात तोच भोंगा असेल, तर वाजवलाच पाहिजे. इथंच पुष्कळांचं उत्तर चुकतं.

शिकाऊ लायसनला शेकडा ६० उत्तरं बरोबर आली की पास. मालवाहू गाडीसाठी आठवी पासची अट होती, तीही २०१९ साली गेली.

दलालाला पैसे देऊन लायसन मिळेलही, पण रात्री अरुंद पुलावर दलाल शेजारी नसतो. आज घरी गेल्यावर पोरांना पाट्या काढायला लावा, आणि तुम्ही उत्तरं द्या.