न पिणाऱ्याचं लिव्हर

(भिसेगाव, कर्जत इथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. इंजिनियरिंग केलं, ऐरोलीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांसारखा रोज कर्जत लोकलने जातो-येतो. तरी लिव्हरवर बोलायला मला उभं केलंय, कारण माझ्याकडे दोन फायली आहेत. एक अब्बांची आणि एक माझी.

अब्बांची आधी. अब्बा एसटीत कंडक्टर होते. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे. चाळिशीत शुगर निघाली आणि गोळी सुरू झाली. २०१६ मध्ये पायांवर सूज यायला लागली म्हणून एका दवाखान्यात सोनोग्राफी केली. रिपोर्ट बघून तिथल्या डॉक्टरांनी भरल्या ओपीडीत, माझ्या मामूंसमोर विचारलं, "किती वर्षं घेताय?" अब्बांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. ते काही बोलले नाहीत. रिपोर्ट उचलला आणि बाहेर पडले.

ती फाईल कपाटात अम्मीच्या साड्यांखाली गेली आणि दोन वर्षं तिथेच राहिली. लिव्हरचं दुखणं म्हणजे दारूचं दुखणं, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ. त्यात माझ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चाललेली. म्हणून पुन्हा तपासणी नाही, दुसरा डॉक्टर नाही. २०१८ मध्ये पोटात पाणी झालं तेव्हा सिरॉसिस झालेला होता. २०१९ मध्ये अब्बा गेले. कब्रस्तानातून परत येताना एका नातेवाईकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "खरं सांग, घेत होते का?"

त्या डॉक्टरांवर आज माझा राग नाही. प्रश्न विचारायलाच हवा होता. मात्र तो एकांतात विचारायला हवा होता, आणि उत्तर "नाही" आलं असतं तर पुढे विचारायचं होतं: शुगर किती वर्षांची, कंबर किती, घरात आणखी कोणाला आहे का? कारण दारूशिवायही लिव्हरमध्ये चरबी साचते, तिथे सूज येते, व्रण पडत जातात आणि काहींचं प्रकरण सिरॉसिसपर्यंत जातं. या आजाराला आधी 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर' म्हणत. २०२३ मध्ये जगभरातल्या लिव्हरतज्ज्ञांनी ते नाव बदललं. एक कारण असं की नुसत्या नावानेच पेशंटला कलंक लागतो. नवीन नाव इतकं लांबलचक आहे की मी सांगत बसत नाही; त्यात 'मेटाबॉलिक' शब्द आहे एवढं पुरे. नाव बदललं ते बरंच झालं. आमच्या घरी ते सात वर्षं उशिरा पोचलं.

आता माझी फाईल. २०२२, वय तेहतीस. कंपनीची वार्षिक तपासणी. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६४ किलो, म्हणजे बीएमआय २२.७. तक्त्यात हिरव्या रंगात. त्याच कागदावर खाली: सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर, एसजीपीटी ७१, एचबीएवनसी ५.९. या शेवटच्या आकड्याने गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर कळते. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसचा उंबरठा, आणि ६.५ पासून डायबेटिस. मला कोणी कधी जाडा म्हटलेलं नाही. अम्मी तर अजून म्हणते, "खात नाहीस काही."

ही भानगड समजून घ्यायला मला पुण्याला जावं लागलं. म्हणजे कागदावर. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नावर आयुष्य घातलंय. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापून आला. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. मला हा फोटो फार आवडतो, कारण संशोधकाने स्वतःचंच शरीर पुराव्याला लावलं.

ही चरबी येते कुठून? याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणाआधीपासून पाहणी केली. शेतात राबणाऱ्या, सरासरी ४२ किलो वजनाच्या बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंनी कमी आणि वजनानेही कमी, पण चरबीत तेवढी कमी नव्हती. म्हणजे सुरुवात आईच्या पोटातच, आणि तीही उपाशी आईच्या. त्यामुळे "खा खा खाल्लं म्हणून झालं" असं कोणी म्हणालं की मला राग येतो. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी पोटभर भात मिळत नव्हता, त्यांच्याच नातवंडांच्या हातात आज खुर्ची, लॅपटॉप आणि दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली आहे.

लिव्हरचा साखरेशी संबंध काय, हे नीट ऐका. कारण मीही इतकी वर्षं समजत होतो की शुगर म्हणजे फक्त स्वादुपिंडाचा मामला. जेवणातली साखर लिव्हर थोडी साठवून ठेवतं. साठा भरला की उरलेल्या साखरेची चरबी करतं. कातडीखालची गोदामं मोठी असतील तर ही चरबी तिकडे जाते. आपल्यापैकी अनेकांची ती गोदामं लहान. मग चरबी लिव्हरमध्येच मुक्काम ठोकते. असं लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. रात्री तुम्ही झोपलात तरी ते रक्तात साखर सोडतच राहतं, म्हणून सकाळची उपाशीपोटीची शुगर चढते. ती उतरवायला स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवतं, आणि जादा इन्सुलिनमुळे लिव्हर आणखी चरबी बनवतं. असं चक्र वर्षानुवर्षं चालतं. आमच्या कामात सर्व्हर पडायच्या आधी लॉगमध्ये कितीतरी दिवस इशारे येत असतात आणि कोणी लॉग उघडत नाही. तसंच हे.

चक्र उलटंही फिरतं. न्यूकॅसलचे डॉ. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये ११ डायबेटिसवाल्यांना डॉक्टरी देखरेखीखाली अगदी कमी उष्मांकाचं खाणं दिलं. सातच दिवसांत त्यांची उपाशीपोटीची शुगर जागेवर आली, कारण सगळ्यात आधी लिव्हरमधली चरबी उतरली होती. पुढे त्यांच्या गटाने हेही दाखवलं की बीएमआय जेमतेम असलेल्यांनाही दहाएक टक्के वजन उतरवून फायदा होतो. हे वाचून घरी उपास सुरू करू नका. गोळ्या-इन्सुलिन चालू असणाऱ्याने एकदम खाणं तोडलं तर साखर धोकादायक खाली जाते. रमजानच्या आधी डॉक्टरांना विचारून औषधाच्या वेळा बदलून घ्यायच्या, त्या यासाठीच.

मी काय केलं? फार काही नाही. मापाने भात, चहात साखर बंद, लोकलमधून उतरून वडापाव बंद. सगळ्यात कठीण चहाच गेला. तांदळाची भाकरी सोडली नाही, दोनाची एक केली. शेजारी डाळ, अंडी, मासे, भाजी वाढवली. ऐरोली स्टेशनवरून ऑफिसला रिक्षाऐवजी पायी. रविवारी उल्हासच्या पुलापर्यंत भरभर चालणं. इफ्तारला खजूर आणि पाणी, मग थेट जेवण; सरबत आणि भजी एकाच दिवसापुरती. सात महिन्यांत ६४ चे ५९ झालो. लिव्हरची चरबी कमी व्हायला वजनाच्या ५ टक्के उतार लागतो, सूज उतरायला ७ ते १०. माझा जवळजवळ आठ भरला. एसजीपीटी ३४, एचबीएवनसी ५.६. मग लग्नांचा सीझन आला आणि दीड किलो परत आला. तो अजून आहे.

लिव्हर टॉनिक घेतलं नाही. एका चाचांनी गुळवेलीचा काढा आणून दिला होता, तोही परत केला. कोरोनाच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. पण ज्याचं लिव्हर आधीच दुखावलंय त्याने प्रयोग का करावा?

एक माफी राहिली. आमच्या गल्लीतल्या आशाताई तीन वर्षांपूर्वी फॉर्म आणि टेप घेऊन घरी आल्या होत्या. तिशीवरच्या प्रत्येकासाठी सरकारचा तो फॉर्म आहे. त्यात कंबरेला गुण आहेत: पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांत ८० च्या वर गेलं की धोका मोजतात. मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालो, "आमच्याकडे सगळे फिट आहेत." तेव्हा माझी कंबर ९३ होती. आज आशाताई समोर बसल्या आहेत. ताई, माफ करा.

ज्या मैत्रिणींना गरोदरपणात शुगर निघाली आणि बाळंतपणानंतर "गेली" असं सांगितलं गेलं, त्यांनी दरवर्षी तपासावी. त्यांचा धोका पुढे कित्येक पटींनी जास्त असतो. आणि घरात शुगरवाले अब्बा किंवा अम्मी असतील तर त्यांच्या जुन्या रिपोर्टमधून चार आकडे काढा: वय, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट. यांवरून 'फिब-फोर' नावाचा एक हिशेब होतो, फोनवर मिनिटात. १.३ च्या वर आला तर लिव्हरमध्ये व्रण आहेत का, हे डॉक्टरांना विचारायचं. अब्बांच्या २०१६ च्या फाईलवर मी हा हिशेब मागाहून केला. बराच वर होता.

आता प्रश्न विचारा. त्याआधी एक. दाराजवळच्या टेबलावर टेप ठेवली आहे, मैत्रिणींसाठी आतल्या खोलीत आशाताईंकडे दुसरी आहे. टेप बेंबीच्या रेषेत धरायची. मोजताना पोट आत ओढून धरू नका, मी पहिल्यांदा तेच केलं होतं.